पासबुकाचं मशीन आणि दोन वर्षांची पदवी

इंदूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, चार पानी. हल्ली अशी पत्रं दुर्मिळच. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

‘आमची मुलगी बी.कॉम. झाली. दोन वर्षं एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते आहे. आता म्हणते, मला डिजिटल मीडियात मास्टर्स करायचंय. एका खासगी संस्थेनं तिला प्रवेश देऊ केला आहे. येत्या पंधरा तारखेपर्यंत पन्नास हजार रुपये भरले नाहीत तर जागा जाईल, असं रोज फोन करून सांगतात. यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले. तिच्या लग्नासाठी ठेवलेली एफ.डी. मोडावी लागेल. यजमानांचं म्हणणं, मोबाइलवर व्हिडिओ करायला पदवी कशाला हवी? आणि आता तर कॉम्प्युटर आपोआप चित्रं काढतो, मग ही शिकून करणार काय? मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. मी कुणाची बाजू घेऊ?’

बाई, सध्या कुणाचीच घेऊ नका. पंधरा तारखेची तर मुळीच घेऊ नका. ज्या शिक्षणावर पुढची तीस वर्षं उभी करायची, त्याचा निर्णय पंधरा दिवसांत घ्यायला लावणाऱ्या माणसाला जागा भरायची घाई असते. ती जागा तुमच्या मुलीसाठी योग्य आहे का, हे बघायला त्याला सवड नसते.

पण यजमानांचा प्रश्न रास्त आहे. तो केवळ त्यांचाच नाही. नागपूरपासून बडोद्यापर्यंत अनेक घरांत तो रोज जेवणाच्या ताटावर निघतो. म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहितो.

नाव एक, वाटा तीन

‘डिजिटल मीडिया’ हे नाव फसवं आहे. त्याच्या पोटात निदान तीन वेगवेगळे विषय राहतात.

पहिला विषय करून दाखवण्याचा. अ‍ॅनिमेशन, चित्रपट, ध्वनी, खेळ. दुसरा विषय वापराचा. मोबाइलवरचं अ‍ॅप, एटीएमचा पडदा, रेल्वेच्या तिकिटाचं मशीन माणसाला न अडखळता वापरता यावं म्हणून त्याची रचना करणं. याला इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात. आणि तिसरा विषय विचाराचा. ही माध्यमं समाजाचं काय करतात, अफवा कशी पसरते, कुणाचा आवाज पोचतो आणि कुणाचा नाही, याचा अभ्यास. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम आणि संस्कृती या विषयाचं एम.ए. आहे, ते या तिसऱ्या वाटेवरचं. तिथे विद्यार्थी माहितीपटही करतात, पण पाया समाजशास्त्राचा.

तेव्हा मुलगी ‘डिजिटल मीडिया’ म्हणाली की पहिला प्रश्न हा विचारायचा: यातलं कोणतं? निम्म्या मुलांना याचं उत्तर देता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी तिन्ही दारं उघडून दाखवलेलीच नसतात.

फ्लॅशचं काय झालं?

आता यजमानांचा मुद्दा. सॉफ्टवेअर शिकायला पदवी कशाला? खरं सांगतो, सॉफ्टवेअर शिकायला पदवी नकोच. त्यासाठी दोन वर्षं आणि एफ.डी. घालवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

‘फ्लॅश’ नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. १९९६ मध्ये ते बाजारात आलं आणि पुढची दहाबारा वर्षं इंटरनेटवर जे जे हलत होतं, नाचत होतं, ते बहुतेक फ्लॅशमध्ये केलेलं असे. गल्लोगल्ली क्लास निघाले. माझ्या एका भाच्यानंही वडिलांच्या पैशानं असा वर्षभराचा क्लास केला. भिंतीवर लावण्याजोगं प्रमाणपत्र मिळालं. मग २००७ मध्ये आयफोन आला. त्यात फ्लॅश चालत नव्हतं, आणि पुढेही कधी चाललं नाही. फ्लॅश बॅटरी खातं, सुरक्षितही नाही, अशा तक्रारी होत्याच. हळूहळू ब्राउझरलाच ती कामं जमू लागली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार कंपनीनं अधिकृतपणे काढून घेतला. भाच्याचं प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे.

पण त्याच काळात अ‍ॅनिमेशन मुळापासून शिकलेल्यांचं काय झालं? चेंडू जमिनीवर आपटताना चपटा होतो आणि उसळताना लांबतो. उडी मारण्यापूर्वी माणूस आधी खाली वाकतो. वजनदार वस्तू हळू निघते आणि उशिरा थांबते. डिस्नेच्या स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा जुन्याजाणत्यांनी अशी बारा तत्त्वं १९८१ मध्ये पुस्तकात मांडली. ती पेन्सिलीच्या काळातली आहेत. फ्लॅशमध्ये ती लागू होती, फ्लॅश गेल्यावरही लागू राहिली, आणि आज कॉम्प्युटरनं आपोआप केलेलं चित्र खोटं का वाटतं, हे सांगायलाही तीच उपयोगी पडतात.

थोडक्यात काय, तर हत्यार बदलतं, हात आणि नजर राहते. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ते या नजरेसाठी.

आपल्या लिपीचं उदाहरण

लांब जायला नको. आपल्या लिपीचंच बघा. ‘कि’ लिहिताना आपण कागदावर वेलांटी आधी काढतो आणि क नंतर. कॉम्प्युटरवर मात्र आधी क दाबायचा, मग वेलांटी. ती उचलून क च्या डावीकडे नेऊन बसवायचं काम यंत्रानं करायचं असतं. मराठी ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळे. ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’मधला तो आडवा अर्धा र मराठीची खास खूण. हे यंत्राला कोण सांगणार? नुसता प्रोग्रामर सांगू शकत नाही, कारण त्याला अक्षराचं वळण ठाऊक नसतं. नुसता चित्रकारही नाही, कारण त्याला यंत्राची अडचण ठाऊक नसते.

हे सांगणाऱ्यांपैकी एक होते र. कृ. जोशी. जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक, सुलेखनकार, मराठीतले कवी, आणि पवईच्या आय.आय.टी.तल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये वर्षानुवर्षं शिक्षक. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ‘मंगल’ नावाचा जो फाँट आला, तो त्यांनी घडवला. २००८ मध्ये ते गेले. सरकारी कचेरीतल्या कितीतरी अर्जांवर, परिपत्रकांवर आपण मंगलमधली अक्षरं वाचली, आणि ती कुणीतरी बसून, विचार करून आखली असतील हे आपल्या मनातही आलं नाही. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं ‘मुक्त’ आणि ‘बालू’ असे फाँट केले आणि ते कुणालाही फुकट वापरता येतील असे खुले ठेवले. आज मराठी संकेतस्थळांवर आणि फलकांवर ते दिसतात.

हा डिजिटल मीडियाच आहे. पण यात ‘मोबाइलवर व्हिडिओ’ कुठेच नाही. आहे ते भाषेचं ज्ञान, हाताचं वळण आणि यंत्राची समज, तिन्ही एका डोक्यात.

दोन वर्षांत करतात काय?

चांगल्या संस्थेत पहिले काही महिने मुलं बहुधा कागदपेन्सिलच हातात धरतात. रेखाटन, रंग, अक्षर, आकार. मग बाहेर पाठवतात. दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीशी उभं राहा, भाजीवालीच्या गाडीशी बसा, रिक्षावाल्याबरोबर दिवस काढा. माणूस कुठे अडतो ते बघा, लिहा, चितारा. त्यावर उपाय काढा. त्याचा कच्चा नमुना पुठ्ठ्याचा करा, मोबाइलवर नंतर. तो त्याच माणसाच्या हातात द्या. तो पुन्हा अडला तर तुमचं चुकलं, त्याचं नाही. आणि शेवटी एक मोठा प्रकल्प, जो परीक्षकांसमोर मांडून त्याचं समर्थन करायचं.

हे यू-ट्यूबवर शिकता येत नाही का? सॉफ्टवेअर येतं. पण आपलं काम चारचौघांसमोर ठेवून ‘हे का केलंस?’ या प्रश्नाला दोन वर्षं रोज तोंड देणं, हे घरी एकट्यानं होत नाही.

आणि आपोआप चित्र काढणाऱ्या कॉम्प्युटरचं काय? ती भीती खोटी नाही. सांगितल्याबरहुकूम बॅनर करून देणं, फोटोची पार्श्वभूमी पुसणं, अशी कामं आता यंत्र क्षणात करतं. तेवढंच येणाऱ्यांची पंचाईत आहे आणि ती वाढेल. पण काय करायचं, कुणासाठी, आणि केलेलं बरोबर आहे की नाही, हे ठरवणारा माणूस अजून लागतो. त्याला नोकरीची हमी आहे का? हमी कशालाच नाही. बी.कॉम.लाही नव्हती.

दारं कुठे आहेत

पवईचं हे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ पासून आहे. आज ते आय.डी.सी. स्कूल ऑफ डिझाइन म्हणून ओळखलं जातं. तिथे एम.डेस. म्हणजे मास्टर ऑफ डिझाइन ही दोन वर्षांची पदवी मिळते. अ‍ॅनिमेशन, कम्युनिकेशन डिझाइन आणि इंटरॅक्शन डिझाइन हे आपल्या विषयाशी संबंधित विभाग. प्रवेशासाठी ‘सीड’ ही परीक्षा. ती आय.आय.टी. मुंबई घेते, साधारण जानेवारीत. अर्ज त्याआधी ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. पहिला भाग कॉम्प्युटरवर, दुसरा कागदावर हातानं काढायचा. वयाची अट नाही, कितीही वेळा बसता येतं. मात्र गुण एकच वर्ष चालतात. दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद, कानपूर इथल्या आय.आय.टी. आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्थाही हेच गुण धरतात. त्यानंतर प्रत्येक संस्थेची आपली मुलाखत, आपली निवड.

इथे एक खाच आहे, ती नीट वाचा. सीडला बसायला तीन वर्षांची पदवी चालते. पण परीक्षेला बसता आलं म्हणजे प्रत्येक संस्थेत प्रवेशाला पात्र झालं, असं नव्हे. काही अभ्यासक्रमांना चार वर्षांची पदवी किंवा ठरावीक विषयच लागतात. बी.कॉम. तीन वर्षांचं. तेव्हा संस्थेचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय एक रुपया भरू नका.

दुसरं दार अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचं, म्हणजे एन.आय.डी.चं. ती १९६१ ची. तिची परीक्षा वेगळी, पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांची. न्यू मीडिया डिझाइन हा विषय तिच्या गांधीनगरच्या आवारात, डिजिटल गेम डिझाइन बंगळुरूच्या. चित्रपटाकडे ओढा असेल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था. कोलकात्यात इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांचा वेगळा विभागच आहे. दिल्लीच्या जामिया मिलियामध्येही जनसंवादाचं नावाजलेलं केंद्र आहे.

परदेशाचंही दोन शब्दांत सांगतो. न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम १९७९ मध्येच निघाला आणि बॉस्टनजवळच्या एम.आय.टी.त मीडिया लॅब १९८५ मध्ये. पालनपूरचा प्रणव मिस्त्री पवईच्या आय.डी.सी.त एम.डेस. करून मग मीडिया लॅबला गेला. गळ्यात अडकवायचा छोटा प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्या मदतीनं भिंतीला, तळहाताला पडदा करणारं त्याचं ‘सिक्स्थ सेन्स’ २००९ मध्ये जगभर गाजलं. मीडिया लॅबमध्ये निवड झालेल्यांचा खर्च संशोधन सहायक म्हणून लॅबच उचलते. पण सगळीकडे असं नसतं. पूर्ण फी कर्जानं भरून, तिकडे नोकरी लागेलच या भरवशावर जाणं, हा जुगार आहे. खेळायचा तर तो जुगार आहे हे मान्य करून खेळावा.

पैशाचं बोलू

खासगी संस्थेत जायचंच असेल तर चार प्रश्न लेखी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्यानं तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. बाकीचे देतात ते प्रमाणपत्र. दुसरा, पूर्ण वेळ शिकवणारे शिक्षक किती, आणि त्यांचं स्वतःचं काम कुठे बघायला मिळेल? तिसरा, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे शेवटचे प्रकल्प दाखवाल का? चौथा, मध्येच सोडलं तर किती पैसे परत? कॉम्प्युटर किती आहेत, हा प्रश्न विचारू नका. तेवढं सगळेच दाखवतात.

आणि लग्नाची एफ.डी. मोडण्याआधी शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. बँका साधारणपणे शिक्षण संपून वर्षभरानंतर हप्ते सुरू करतात. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांना या कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत प्राप्तिकरात सवलतही मिळते. कर्ज मुलीच्या नावावर असेल, तर ती दोन वर्षं वेगळ्या गांभीर्यानं काढते, हेही खरं.

एक तासाचा गृहपाठ

हे सगळं मी त्या बाईंना कळवलं आणि मुलीला एक गृहपाठ दिला. एक आठवडा, रोज एक तास, एका जागी बसायचं. बँक, बसस्टँड, दवाखाना, काहीही. मोबाइल बॅगेत. माणसं कुठे अडतात ते वहीत लिहायचं आणि काढायचं. चित्र वाईट आलं तरी चालेल. आठव्या दिवशी स्वतःला विचारायचं: कंटाळा आला, की वेळ पुरला नाही? कंटाळा आला असेल तर या वाटेला जाऊ नये. मग पदवी कितीही चकचकीत असो.

महिन्यानं दुसरं पत्र आलं.

मुलगी ऑफिसातून रजा काढून जवळच्या बँकेत जाऊन बसली. तिथे पासबुक आपोआप छापून देणारं मशीन आहे. म्हातारी माणसं पासबुक उलटं घालतात, नको ते पान उघडून घालतात, मशीन ते परत ढकलतं आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटतं. मागे रांग. कुणीतरी ‘अहो काका, लवकर’ म्हणतं. काका पासबुक खिशात घालून निघून जातात, न छापताच. मुलीनं वहीची चौदा पानं भरली. एका पानावर तिनं पासबुक कसं धरायचं याचं नुसतं चित्र काढलं, शब्द एकही नाही.

ती वही रात्री टेबलावर राहिली. वडिलांनी चाळली. बाईंनी लिहिलंय: ‘यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या रांगेतून मीही दोनदा असाच परत आलोय. मला वाटलं, मलाच जमत नाही.’

पन्नास हजार भरले नाहीत. त्या संस्थेला वडिलांनीच फोन करून पहिला प्रश्न विचारला, तेव्हा पदवी कोणत्याही विद्यापीठाची नसून संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र आहे, असं निघालं. आता तीन वर्षांची पदवी कुठे चालते आणि कुठे नाही, याचा तक्ता त्यांनी स्वतः, निवृत्त माणसाच्या टापटिपीनं, आखलेल्या कागदावर केला आहे. मुलगी नोकरी सोडणार नाही. संध्याकाळी रेखाटन करते. परीक्षा यंदा देणार आहे; यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी. एफ.डी. अजून बँकेतच आहे.

प्रवेश मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दुसऱ्या पत्रातच आलं. बाजू घ्यायची वेळच आली नाही. आणि ते चौदा पानांमधलं बिनशब्दांचं चित्र शाखा व्यवस्थापकांना नेऊन दाखवा. मशीनवर चिकटवायला काय हरकत आहे?